इन्क्युबेटरमधून हरवलेली बुरशी

"मामा, माळ्याची बुरशी चोरीला गेली!"

सकाळी आठला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मामा म्हणजे रुग्णालयाचे तपासनीस, पोलिसात तीस वर्षं काढलेले. बुरशी कोण चोरतं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. बाईंचा आवाज ऐकून त्यांनी ते गिळलं.

रुग्णालयात दाखल असलेल्या एका माळ्याच्या डोळ्यात काटा घुसला होता आणि काट्याबरोबर एक दुर्मिळ बुरशी. औषध लागू पडेना. असे रुग्ण जगात मोजके. म्हणून बावीस देशांतले डॉक्टर त्यांची माहिती एका सामाईक नोंदणीत भरतात. तिथूनच परदेशातले एक डॉक्टर सापडले होते. त्यांनी असेच दोन डोळे वाचवले होते. आज संध्याकाळी पाचला कॅमेऱ्यावर जिवंत बुरशी बघून ते औषध सांगणार होते. नाहीतर उद्या डोळा काढायचा.

आणि बुरशी वाढवलेली प्लेटच लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये, त्या उबदार पेटीत, नव्हती. शिवाय सकाळी सातला कुणीतरी नोंदणीतली नोंद मागे घेतली होती. कारण लिहिलं होतं : 'रुग्णाचा अठरावा दिवस. अजून वाढ नाही.'

"पासवर्ड कुणाचा?" मामांनी विचारलं.

"माझा. पण कारकुनाला आणि लॅबच्या ताईंना ठाऊक आहे. नोंदी तेच भरतात."

"माळ्याला किती दिवस झाले?"

"आज तेविसावा."

कारकुनालाही त्यांनी तेच विचारलं.

"तेवीस. दाखल झाल्यापासून मोजा," तो म्हणाला. "माझ्यावर कसला संशय, मामा? मला बुरशी पावावर दिसली तरच कळते."

ताई लॅबमध्ये प्लेटा पुसत होत्या.

"माळ्याला किती दिवस झाले, ताई?"

"अठरा."

"बाईंचं काम चांगलं चाललंय म्हणे."

"चालणारच! बुरशी आम्ही जगवायची, नोंदणीत नाव त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा."

मामांनी लॅबची लाल कचरापेटी उपसली. ती सकाळपासून रिकामी झालेली नव्हती. तिच्यातही प्लेट नव्हती. मग त्यांनी तिघांना एकत्र बोलावलं.

"वॉर्डातली माणसं रुग्ण दाखल झाल्यापासून दिवस मोजतात. बाईंचे तेवीस, कारकुनाचे तेवीस. लॅबमध्ये मोजणी सुरू होते नमुना प्लेटवर पेरला त्या दिवशी. माळ्याचा नमुना सहाव्या दिवशी पेरला. नोंद मागे घेणाऱ्यानं रुग्णाचे दिवस अठरा लिहिले. वीस वर्षांची सवय, ताई. बोटांनी खोटं लिहिलं, मोजणी मात्र खरीच लिहिली गेली."

ताईंचा चेहरा उतरला.

"प्लेट कुठंय?" बाई ओरडल्या.

"फेकली नसणार," मामा म्हणाले. "स्वतः वाढवलेलं यांच्यानं मारवणार नाही. उबेतच असेल. दुसऱ्याची चिठ्ठी लावून."

ताईंनी इन्क्युबेटर उघडला. खालच्या फळीवरून, एका जुन्या रुग्णाच्या चिठ्ठीची प्लेट काढली. काळपट, मखमली वाढ काठापर्यंत पोचली होती.

"मला बाईंना तोंडघशी पडलेलं बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "एकदाच. माळ्याचा डोळा... तो मनातच आला नाही."

"तेच तर," मामा म्हणाले.

बाईंनी नोंद पुन्हा भरली. पाचला ताईंनीच प्लेट कॅमेऱ्यापुढे धरली. तेवढ्या सफाईनं दुसऱ्या कुणाला धरता आली नसती. परदेशी डॉक्टरांनी बुरशी लगेच ओळखली, औषध सांगितलं आणि विचारलं, "इतकी छान कुणी वाढवली?"

"यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईंनी मान खाली घातली. मामा दाराशी त्यांना चौकशीला न्यायला उभे होते.