नुरुंगजीचे सहा शनिवार

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत तो दोन खुर्च्या घेऊन उभा होता. मी बाबागाडी ढकलत आत शिरले. मे महिन्यातला दुसरा शनिवार, बाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या बाबागाडीवर मात्र टोकापर्यंत ओढलेलं निळं दुपटं.

"किती महिन्यांचं?" त्यानं विचारलं.

"चौदा," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"झोपलंय वाटतं."

"हो... जरा हळू बोलाल का?"

तेवढ्यात दुपट्यातून एक काळं ओलं नाक बाहेर आलं. त्यानं खुर्चीचा पाय हुंगला आणि सणसणीत शिंक दिली. तो आधी नाकाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.

"नाक वडिलांवर गेलंय का?"

आमच्या इमारतीत कुत्रं ठेवायला बंदी होती. खाली रखवालदार काका बसलेले. मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खुर्च्या काकांच्या पुढ्यात ठेवल्या, यंदा उन्हाळा लवकर आला नाही का, असा विषय काढला आणि मी दाराबाहेर जाईपर्यंत तो ताणला. मग फाटकापाशी मला गाठलं, माझ्या काळ्या बाहीवरचा एक तांबूस केस चिमटीत उचलला आणि उन्हात धरून पाहिला.

"पुरावा," तो म्हणाला. "असले पुरावे अंगावर घेऊन हिंडू नका."

त्याचं नाव इनहो. नवव्या मजल्यावर राहायचा. मी हेरिन, पाचवा मजला. आणि बाबागाडीतली ती नुरुंगजी. भाताच्या भांड्याला खाली लागलेली खरवड असते ना, तिला आम्ही कोरियन लोक नुरुंगजी म्हणतो. तिच्या पाठीचा रंग अगदी तसा.

ती माझी नव्हती. जन्मापासून एका शेतावर साखळीला बांधलेली. सोनही ताईंच्या संस्थेनं तिला सोडवलं आणि परदेशी रवाना होईपर्यंत माझ्याकडे ठेवलं. सोलच्या फ्लॅटमध्ये तेरा किलोचं गावठी कुत्रं कोण घेणार? सगळ्यांना काखोटीत मावणारी हवीत. व्हँकुव्हरमधल्या एका कुटुंबानं मात्र फोटो पाहून तिला मागितलं होतं. फक्त त्या गावी जाणारा कुणीतरी प्रवासी हवा होता, जो स्वतःच्या तिकिटावर तिला सोबत नेईल. तसा माणूस शोधायचं काम माझ्याकडे होतं. तोवर दर आठवड्याला तिला कुठेतरी न्या, गाडीची, समुद्राची, माणसांची सवय लावा, असा ताईंचा हुकूम. पण रेल्वेत कुत्रं बंद पेटीतूनच न्यावं लागतं, आणि नुरुंगजी कुठल्याच पेटीत मावेना.

"माझ्याकडे गाडी आहे," इनहो म्हणाला. "आणि शनिवारी मला काही कामही नसतं."

मग दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी बेत ठरू लागले. मी पिवळी खरबुजं चिरायची, तो नकाशा उघडायचा, आणि एका वहीत दर शनिवारचं एक पान भरायचं... कुठं जायचं, काय खायचं, पायऱ्या आहेत का, कारण नुरुंगजीला पायऱ्यांची भीती. त्याच्या घरात एक बुटकं टेबल, एक गादी, दोन कप. पहिल्या गुरुवारी भिंतीशी पुस्तकांचं कपाट होतं, दुसऱ्या गुरुवारी ते नव्हतं, नंतर पडदेही गेले. मोकळं बरं वाटतं, असं तो म्हणाला. मला वाटलं, किती निरिच्छ माणूस. मी चक्क त्याचं कौतुक केलं. डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच.

गाडीत नुरुंगजीची एक रीत होती. आम्ही दोघं आत बसेपर्यंत ती मागच्या सीटवर उभी राहायची. एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. दोन्ही दारं लागली की मगच अंग टाकायची. तिच्या त्या हिशेबात मी फार लवकर सामील झाले.

दुसऱ्या शनिवारी आम्ही थेआनला समुद्रावर गेलो. कुत्र्यांना चालणारी मुक्कामाची घरं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची अट एकच, कुत्रं दहा किलोच्या आतलं हवं, आणि काट्यावरचा फोटो आधी पाठवायचा. डॉक्टरांच्या काट्यावर इनहोनं तिच्या पोटाखाली हळूच हात दिला. काटा म्हणाला साडेनऊ. मी फोटो काढला. आम्ही दोघं इतके हसलो की डॉक्टरीणबाई बाहेर येऊन पाहून गेल्या.

तिथल्या मालकीणबाई अंगणात लसणाच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी नुरुंगजीला पाहिलं, हात पुसले आणि तिला सरळ उचललं.

"हे साडेनऊ? माझं लसणाचं पोतं दहाचं असतं, रोज उचलते मी." मग इनहोकडे बोट करून मला म्हणाल्या, "वजनाचं खोटं बोलतोय हा. आणखी कशाकशाचं बोलत असेल, लक्ष ठेव गं पोरी."

तो हसला. त्याच्याहून जास्त मी हसले.

शिक्षा म्हणून आम्ही अंधार पडेपर्यंत लसूण बांधला. नुरुंगजीनं तेवढ्यात लाटांवर भुंकून घसा बसवून घेतला. ओटीवर शेजारी बसल्या बसल्या तो जवळ सरकला आणि थांबला.

"हाताला लसणाचा वास येतोय," तो म्हणाला.

"माझ्याही येतोय."

"मग फिटलं," म्हणून त्यानं माझा हात हातात घेतला. 'तुम्ही'चं 'तू' झालं ते त्याच ओटीवर.

पुढचे शनिवार कसे गेले ते सांगत बसत नाही. बाभळीचा बहर संपला, शेतांत भाताची रोपं लागली, आणि तो दर वेळी माझ्या बाहीवरचा केस उचलून म्हणायचा, "पुरावा." मी मुद्दाम काळे कपडे घालू लागले होते.

पण मीही काही धुतल्या तांदळाची नव्हते. मे अखेरीस एका विद्यार्थिनीचा निरोप आला, ती व्हँकुव्हरला चालली होती, नुरुंगजीला नेईन म्हणाली. मी तिला कळवलं की माणूस मिळाला. ताईंना म्हणाले, अजून शोधतेय. मला फक्त आणखी काही शनिवार हवे होते. मग भूक वाढली. जूनमध्ये रखवालदार काकांना कुणकुण लागली, महिनाअखेर कुत्रं हलवा अशी नोटीस आली, आणि मला वाटलं, हेच निमित्त. शहराबाहेर यांगप्यंगला नदीकाठी एक जुनं घर भाड्यानं होतं. अंगणात पर्सिमनचं झाड, भोवती कुंपण. आम्ही दोघं, कामाच्या वेळा वाटून घेऊन... नुरुंगजी आमचीच. ताईंची आणि त्या कुटुंबाची मी पाय धरून माफी मागणार होते.

सहाव्या शनिवारी मी त्याला त्या फाटकापाशी नेलं आणि वहीतलं नवं पान पुढे केलं. जुलै, पहिला शनिवार. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं, घरी.

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. नुरुंगजी कुंपणाच्या फटीतून आत नाक घालून उभी होती.

"हेरिन... मी तीस तारखेला जातोय."

"कुठे?"

"व्हँकुव्हर. नोकरी लागलीय. तिकीट मार्चमध्येच काढलं होतं."

मार्च. लिफ्टमधल्या खुर्च्या मेमधल्या. मग कपाट, मग पडदे. विकत होता तो एकेक, आणि मी खरबुजं चिरत होते.

"सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं," तो म्हणाला. "सांगण्यासारखं झालं, तेव्हा धीर होईना. आणि काल मी सोनही ताईंना फोन केला... माझ्या तिकिटावर नुरुंगजी येऊ शकते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा आठवडे मी जगभर ज्याला शोधल्याचं सोंग करत होते, तो शेजारी बसून गाडी चालवत होता.

"छान," मी म्हणाले. "प्रवासाची सोबत उत्तम जमवलीत की तुम्ही."

'तू'वरून 'तुम्ही'वर यायला मला एक वाक्य पुरलं. त्याला ते लागलं, आणि लागावं असंच मला वाटत होतं. मग मी त्या विद्यार्थिनीचंही सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघंही..."

"आपण हा शब्द आता नको," मी म्हणाले.

नंतर मी एकटीनं त्या घराचा विचार केला नाही असं नाही. पण कामावर जाऊन परत यायचं म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत ती एकटी, आणि कुंपणाला फटी म्हणून फाटकाशी बांधलेली. साखळीतून सुटलेल्या कुत्रीला मी माझ्या हौसेपायी पुन्हा साखळी घालणार होते का? तिकडे तिच्यासाठी अंगण तयार होतं. मी ताईंना सगळं कबूल केलं. त्या रागावल्या, आणि कागद तयार करायला लागल्या.

तीस तारखेला मंगळवार होता. विमानतळावर सोनही ताईंच्या गाडीतून गेलो, कारण इनहोची गाडी तोवर दुसऱ्याची झाली होती. नुरुंगजी मोठ्या पिंजऱ्यात, खाली निळं दुपटं. ती शेपटी हलवत होती. आम्ही दोघं सोबत, म्हणजे शनिवारच असणार, असं तिला वाटलं असेल.

ताई कागद दाखवायला पुढे गेल्या. इनहो माझ्याकडे वळला.

"थांबू का?" तो म्हणाला. "तू म्हण, थांबतो मी."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. पण त्याच्या दोन्ही बॅगा पट्ट्यावरून आत गेलेल्या मी पाहिल्या होत्या. ज्याला थांबायचं असतं तो बॅगा देण्याआधी विचारतो. आणि तो थांबला असता तर पिंजरा परत कुठे नेणार होतो, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"त्या घरच्यांना तिला पाणी थोडं थोडं द्यायला सांग," मी म्हणाले. "आणि म्हणावं, दुपटं एवढ्यात धुवू नका."

त्यानं मान हलवली. मग सवयीनं त्याचा हात माझ्या काळ्या बाहीकडे आला. तिथे एक तांबूस केस होता. मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," मी म्हणाले. "तेवढा माझा आहे."

त्यानं हात मागे घेतला आणि पिंजऱ्याची ढकलगाडी वळवली. जाळीतून नुरुंगजीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पुन्हा त्याच्याकडे, पुन्हा माझ्याकडे. मला दिसेनाशी होईपर्यंत ती उभीच होती.