टोरांटोहून निघालेली धनू

नागपूरच्या रामदासपेठेतल्या इस्पितळात गुलाबचंद भर दुपारी थर्मास घेऊन चहा आणायला खाली उतरले. डोक्यात सकाळपासून एकच हिशेब घोळत होता. लेक धनश्री टोरांटोहून विमानात बसली होती. तिथून दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तासांचा प्रवास, मग नागपूरचं विमान. कितीही घाई केली तरी उद्या सकाळच उजाडणार. आणि बायकोच्या, तुळजाबाईंच्या, हृदयाचं ऑपरेशन आजच होतं.

"धनूले पाह्यल्याबिगर मी आत जात नाही," तुळजाबाई अडून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, आता थांबणं धोक्याचं.

चहा घेऊन गुलाबचंद वर आले, तर खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी. त्यांनी दार ढकललं आणि अंगावर गारठाच आला. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, आत मात्र दात वाजतील अशी थंडी. कुठूनतरी सलग, जड घरघर येत होती. पलंगाच्या काठावर बसून धनू आईची वेणी घालत होती.

"धनू... तू? इतक्या लवकर कशी आली वं?"

"मोठ्यानं बोला ना, बाबा. कान बंद झाले माहे..." ती हसली. तिच्या केसांवर बर्फाचे बारीक कण चमकत होते.

गुलाबचंदांनी तिचा हात धरला. इतका गार, की सोडून द्यावासा वाटला. पण सोडवेनाही.

"आता जातो मी," तुळजाबाई म्हणाल्या. "लेक आली न. मले कायचं भेव?"

स्ट्रेचरवरून त्या हसतच आत गेल्या. गुलाबचंद खोलीत परतले, तर तिथं कोणीच नव्हतं. घरघर थांबली होती. त्यांनी मोबाईलवर विमानांचा नकाशा उघडला. धनूचं विमान ग्रीनलंडवर होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धनू बॅगा घेऊन धावतच आली. बापाच्या गळ्यात पडून रडली, हसली. तिचे हात उबदार होते. गुलाबचंदांनी ते दोनदा चाचपून पाहिले.

तीन दिवसांनी आईला खोलीत आणलं तेव्हा तिघांच्या गप्पांना नुसता ऊत आला.

"त्या दिवशी वेणी घालून कुठं गेली होती वं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"आई, तुले गुंगी होती," धनू खळखळून हसली. "अन् तूच काय, विमानातली हवाईसुंदरी तर तुझ्याहून वरताण! मी मस्त झोपली होती, तर उठवून म्हणे, मॅडम, आम्ही तुम्हाला सगळीकडे शोधून राहिलो होतो. म्या म्हटलं, मी तर जाग्यावरून हललीच नाही."

तुळजाबाई टाके दुखेपर्यंत हसल्या.

"मग?" गुलाबचंदांनी हळूच विचारलं.

"मग काय, बाबा! म्हणे, सीट रिकामी होती. पण पट्टा लावलेला... अन् तो खाली पडला नव्हता म्हणे. कोणी बसलं असल्यावर राह्यते न, तसा वर ताणलेला होता."