आलोच

या सहलीतून दिपमालाला काय मिळणार होतं, ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली असती: दीड दिवस, एक रात्र आणि एक नवरा. पहिल्या दोन बाबी नक्की होत्या. तिसरी नऊ वर्षं येणे बाकी होती.

नवरा म्हणजे लीलाधर. भुसावळला रेल्वेत होता, आणि तिथं त्याचं कामच फोनवर बोलण्याचं. घरी आला तरी फोन कानालाच. कुणाची ड्यूटी बदलून द्यायची, कुणाच्या भाच्याला पाचोऱ्याला खोली बघायची, सगळ्यांना तो पुरायचा आणि घराच्या उंबऱ्यात आला की संपलेला असायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर दिपमालाचा हिशेब सोपा झाला असता.

तिकडे धुळ्याला तिची थोरली बहीण, कोकिळाआक्का, शिकवणी चालवायची. "गणित घेणारं कुणी नाही, आणि माझ्याकडं एक खोली रिकामी आहे," असं तिनं दोनदा सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दिपमालानं लीलाधरला सरळच सांगितलं, "आधी दोन दिवस आपण दोघंच कुठंतरी जाऊ. मग मी धुळ्याचं ठरवीन."

लीलाधर घाबरला. माणूस घाबरला की कामाला लागतो. हतनूर धरणाच्या फुगवट्यात एक बेट आहे, पूर्वीची टेकडी. पाणी चढलं तशी ती एकटी पडली. हिवाळी पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी सुकदेव नावाच्या नाववाल्यानं तिथं दोन खाटांची एक खोली बांधली होती. दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार ठरला. लीलाधरनं फोन लावला, सगळं बोलला आणि शेवटी म्हणाला, "बरं सुकदेवभाऊ, येतो मग."

"बेटावर जाऊन करणार काय?" सासूबाई ताईबाई म्हणाल्या. "बाल्कनीत बसा. मी चारी बाजूंनी बादल्या ओतते."

दिपमाला हसली. तिनं बॅगेत कपाटात पडून राहिलेली हिरवी साडीही ठेवली.

शुक्रवारी लीलाधरच्या ड्यूटीवरच्या जोडीदाराच्या सासऱ्याला ताप आला. ताप सासऱ्याला, ड्यूटी जावयाची आणि रजा गेली लीलाधरची. बेत रद्द करायला दिपमालानं स्वतःच सुकदेवला फोन केला.

"क्यान्सल कशाचं वहिनी?" सुकदेव म्हणाला. "भाऊ तं पोहचले ना बेटावर. सकाळीच."

"कोण भाऊ?"

"लीलाधरभाऊ. म्हणे, बायको मागून येणार हाये. तुमचीच वाट पाहून राह्यले."

दुसरा कुणी लीलाधर असेल, असं म्हणून तिनं फोन ठेवला. खानदेशात लीलाधरांना काय तोटा!

पुढचा बेत कोजागिरीनंतरचा. लीलाधर पुन्हा फोनवर म्हणाला, "या खेपेला नक्की. येतो, भाऊ." तोही बुडाला, कशापायी ते सांगण्यातही अर्थ नाही. दिपमालानं पुन्हा सुकदेवला फोन लावला. या वेळी दार लोटून, आवाज बारीक करून.

"ते अजून आहेत का तिथं?"

"हाये ना. खोलीचं दार घासत होतं, ते रंधा मारून नीट केलं. अंगणात झेंडू लावला. काल मले विचारे, गवती चहा कुठी भेटन? म्हणे, तिले त्याच्याशिवाय चहा चालत नाही."

दिपमाला ओट्याला टेकली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, नशिराबादच्या भाड्याच्या खोलीत, लीलाधर पत्र्याच्या डब्यात गवती चहा वाढवायचा. हे ताईबाईंनाही माहीत नव्हतं.

"त्यांना जरा फोन द्या."

"ते फोन घेत नाय वहिनी. हातच लावत नाय फोनले."

दिपमालानं दार उघडून बाहेर पाहिलं. बाल्कनीत लीलाधर पाठमोरा उभा होता, फोनवर हसत.

त्या रात्री तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. कुणीतरी आपली वाट बघतंय, असं तिला किती दिवसांनी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिनंच तारीख ठरवली.

शनिवारी ते मोटारसायकलनं निघाले. ऑक्टोबरचं ऊन चावरं होतं, पण केळीच्या बागांमधून जाताना रस्ता गार लागत होता. लीलाधर चक्क गुणगुणत होता. "बघ, आलो की नाही!" तो म्हणाला, आणि तिला त्याचा लोभ वाटला. धुळं आणखी चार कोस लांब गेलं.

काठावर सुकदेव नाव धरून उभा होता. लीलाधरला बघून त्याच्या हातातला दोर सुटला.

"भाऊ... तुम्ही इकडी कवा आले?"

लीलाधर उत्तर देणार, तेवढ्यात फोन वाजला. त्यानं फोन कानाला लावला, दिपमालाला हातानं नावेकडं ढकललंच, आणि पाठ वळवत म्हणाला, "तू हो पुढं. मी आलोच."

दिपमाला थांबली. बाभळीखाली त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या होत्या.

ती नावेत बसली. सुकदेवनं नाव पाण्यात लोटली. त्यानं एकदा काठाकडं पाहिलं, एकदा बेटाकडं, आणि मग फक्त वल्ह्याकडं.

पाण्यावर बदकं होती. नाव जवळ गेली तरी एकही उडालं नाही.

बेटाच्या दगडी उतारावर लीलाधर उभा होता.

तोच शर्ट. तीच डाव्या भुवईवरची खूण.

तिनं मागं वळून पाहिलं. काठावर बाभळीखाली लीलाधर होता.

समोरच्यानं हात पुढं केला. तळव्याला रंध्याचे घट्टे होते. हात ऊबदार होता.

"उशीर झाला," तो म्हणाला. तक्रार नव्हती. "ये. चहा ठेवलाय."

त्या दीड दिवसात काय बोलणं झालं, ते दिपमालानं पुढं कुणाला सांगितलं नाही. पण नऊ वर्षांचं होतं, आणि ऐकणारा मधेच उठला नाही. झेंडूंना कळ्या धरल्या होत्या.

रविवारी दुपारी सुकदेवनं दोघांना काठावर आणलं. तो स्वतः नावेतून उतरलाही नाही.

बाभळीखाली लीलाधर होता. पाठमोरा. येरझाऱ्यांनी गवतात पायवाट पडली होती. "हो हो, बोल ना, ऐकतोय मी," तो म्हणत होता.

दिपमाला दहा पावलांवर थांबली. तिनं पर्समधून फोन काढला आणि त्याला एकदा लावला.

तो व्यस्त होता.

तिनं दुसऱ्यांदा लावला नाही. शेजारच्यानं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. गाडीवर जागा दोघांचीच होती.

दिवाळीत दिपमालानं आक्काला 'नाही' कळवलं. ताईबाईंना संध्याकाळी शेजारी बसून वाटाणे सोलणारा मुलगा मिळाला. दिपमालाला नवरा मिळाला. रेल्वेचंही काही अडलं नाही, माणूस वेळेवर कामावर जातो. तिथं फोन घेतो, घरी घेत नाही. सगळ्यांच्या जमेला काही ना काही पडलं.

खर्ची एकच जण पडला. त्याला अजून ते कळायचंय. सुकदेव म्हणतो, बाभळीखालचं बोलणं काही संपलेलं नाही.