उंबऱ्यावरचं पाणी

रचून सांगायचं असतं, तर मी यात स्वतःला जरा बरी दाखवली असती. हे गेल्या रमजानात घडलंय. जर्जिसला, आमच्या समुद्रकाठच्या गावात, माझ्याच घरात, भर दुपारी.

दिग्दर्शक हातेमच्या माहितीपटाचे आवाज माझ्याकडे होते. पैशांच्या नावानं बोंब, म्हणून स्टुडिओ म्हणजे माझी झोपायची खोली आणि खिडकीला गोधडी. आवाज साफ करायचे, ओळीनं लावायचे आणि मिक्सिंगसाठी राजधानीत, ट्युनिसला पोचवायचे.

विषय परदेशी जायला चोरून नावेत बसलेल्या आणि समुद्रात बुडालेल्या पोरांचा. त्यातल्या एकाची आई आमच्याच गल्लीतली, मबरूकामावशी. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, "तो नावेकडे निघाला तेव्हा मी रागात होते. त्याच्यामागे पाणी टाकलं नाही."

जाणाऱ्याच्या मागे उंबऱ्यावर पाणी टाकतात. तो परत यावा म्हणून.

माईक काढताना तिनं माझा हात धरला. "पोरी, तेवढं काढून टाक. सून ऐकेल. ती मला कधी माफ करायची नाही."

मी हो म्हटलं.

हातेम म्हणाला, तेच वाक्य तर सिनेमाचा जीव आहे. मी वाक्य तसंच ठेवलं. पुढे मावशी वारली. गेलेल्या माणसाला काय कळतंय, असं मीच मनाला समजावलं. लाज वाटते सांगायला.

त्या दुपारी ते वाक्य साफ करायला घेतलं. तिचा आवाज... मग शांतता... आणि मग...

छपाक.

वाटलं, शेजारीण अंगण धुतेय. हेडफोन काढला. बाहेर सामसूम.

तो छपाकचा तुकडा कापला. पुन्हा ऐकलं...

छपाक. जरा जवळून.

शेवटी तिच्या खोलीची नुसती शांतता लावली. शूटिंग संपलं की ती आम्ही वेगळी भरून घेतो, कापलेल्या जागा बुजवायला. तेव्हा कुणी बोलत नाही, हलत नाही.

त्या शांततेत... कुणीतरी तांब्या भरत होतं.

तरी वाक्य काढलं नाही. डिस्क पिशवीत टाकली, दार ओढलं आणि निघाले.

मागे... छपाक.

वळून पाहिलं. उंबरा ओला. घरात कुणीच नव्हतं.

ट्युनिसच्या माणसाला तो आवाज ऐकूच आला नाही. वाक्य मात्र स्वच्छ आलंय म्हणाला.

आता सिनेमा आमच्याच गावात दाखवणार आहेत. ते वाक्य काढ म्हणून हातेमला सांगायला रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते.

काल सून आली होती. "आईंचा आवाज ऐकायला मिळेल ना गं?"

मी तिलाही हो म्हटलं.

ती गेल्यावर दार लावायला उठले. बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि उंबरा ओला होता.