आत माणसे : दोन

एक सांगा मला, पोरांनो. मोजणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा, की मोजणाऱ्या यंत्रावर?

भाचा म्हणतो, यंत्रावर. बरोबर आहे, तुझं वयच ते म्हणायचं आहे. शटर अर्धं खाली ओढ आणि तो मधला दिवा तेवढा राहू दे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण या खोक्यांच्या दुकानात झालं, आणि मास्तर कोण, तर गिऱ्हाइकं आणि शेजारी. त्यातल्याच एकाची ही हकीकत. त्यानं स्वतः या स्टुलावर बसून सांगितली. मी मागवलेला चहा त्याच्या हातात तसाच निवून गेला.

आपल्या शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्युटरवाला. सगळा बाजार त्याला 'दोनदा' म्हणतो. कुलूप लावलं की दोनदा ओढणार, वायर जोडली की दोन्ही टोकं तपासणार. त्याची बायको म्हणते, लग्नाला यांनी होकारसुद्धा दोनदा दिला. मी एकदाच दिला, तोच जास्त झाला. असा ताकही फुंकून पिणारा माणूस.

गेल्या वर्षी नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. चंद्र नव्हता. हमरस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजच्या शेठनं त्याला रात्रीचं बोलावलं, कारण दिवसा मालाची ये-जा थांबवता येत नव्हती. तिथल्या कॉम्प्युटरची डिस्क म्हातारी झाली होती. तिच्या जागी नवी पेटी आणलेली, चार डिस्क एकत्र बांधलेली. डिस्क-अ‍ॅरे म्हणतात तिला. चौघी मिळून एकच ओझं उचलतात. एकीनं मान टाकली तरी काम अडत नाही. जुन्या डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राची सगळी अक्कल, उचलून त्या चौघींवर न्यायची. दोनदाच्या भाषेत, हे घर बदलण्यासारखं. भांडीकुंडी मागाहून नेता येतात, आधी घरचा माणूस हलवावा लागतो.

तिथं खोकी मीच पुरवायचो, त्यामुळे जागा मला माहीत. कॉम्प्युटरची खोली दोन दारांच्या मधे आहे. एक दार आतल्या गारठ्याच्या गोदामाचं. त्याला साधी मूठ. दुसरं बाहेर पडायचं, पोलादी, वीतभर जाडीचं. ते कॉम्प्युटरच्या हुकमाशिवाय उघडत नाही. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, तरी बंदच राहतं. माल नासू नये म्हणून. पूर्वी आतून ओढायला एक दांडा होता. हमाल तो ओढून विडी प्यायला सटकतात म्हणून शेठनं कापून टाकला आणि तिथं पत्रा ठोकला.

आणि एक. त्याआधी दोन वर्षं तिथं एक हमाल आत राहून गेला होता. संध्याकाळी आत गेला, कुणी पाहिलं नाही, दार लागलं. सकाळी सापडला तेव्हा… असो. शेठनं सगळ्यांना सांगितलं की तो वेळेवर बाहेर पडला होता, मागाहून चोरून शिरला असेल. येताजाता प्रत्येकानं दाराला कार्ड लावायचं, त्यावरून कॉम्प्युटर आत किती माणसं आहेत याचा आकडा ठेवतो. तो 'एक' दाखवत होता. शेठनं स्वतःच्या हातानं शून्य केलं. मग चांगुलपणा दाखवायला नवा नियम घातला: रात्री जितके आत, तितक्यांची कार्डं लागल्याशिवाय बाहेरचं दार उघडायचं नाही. म्हणजे मागे कुणी राहायला नको. नियम सोन्यासारखा. फक्त उशिरा आला.

दोनदाला यातलं काय माहीत होतं? हमाल गेला, एवढं बाजारात सगळ्यांनाच माहीत होतं. आकडा कसा पुसला, ते शेठच्या कारकुनानं त्याला कधीतरी हळूच सांगितलेलं.

तर, दोनदा गेला. मोटरसायकल फाटकाजवळ लावली, मागच्या सीटला बांधलेली हत्यारांची पेटी सोडून आत नेली, कार्ड लावलं. पहारेकरी म्हणाला, दार लावून घेतो, शेठचा हुकूम आहे, गारवा जातो. दोनदानं विचार केला, तासाभराचं काम. यंत्र उठलं की कार्ड लावून बाहेर. दार लागलं. पहारेकरी लांब फाटकावर निघून गेला. पोलादी भिंतींत मोबाइलला रेंज नाही, हे दोनदाच्या नंतर लक्षात आलं. पहिल्यांदाच त्यानं एक गोष्ट दोनदा तपासली नव्हती.

जुन्या डिस्कची नक्कल नव्या पेटीवर उतरली. त्याच्या पद्धतीप्रमाणे त्यानं जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली. नवं घर जुन्याच्या आधाराशिवाय उभं राहतंय का ते बघायचं असतं. मग बटण दाबलं. चार हिरवे दिवे लागले. पडदा उजळला. सगळं जिथल्या तिथं. दोनदा खूश झाला, हत्यारं गोळा केली, दाराला कार्ड लावलं.

दार हललं नाही.

पडद्यावर एक ओळ होती. 'आत माणसे : २.'

तो हसला म्हणे. यंत्रानं नव्या डिस्कवर पहिल्यांदा उठताना तयार आकडा उचलला नव्हता. दारावरच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून पुन्हा मोजल्या होत्या. शेठचं हातानं लिहिलेलं शून्य तिथं चालत नव्हतं. आत गेलेले सगळे, वजा बाहेर आलेले सगळे. बेरीज बरोबर होती.

मग त्याचं हसू थांबलं. बेरीज बरोबर होती.

आता घोडं कुठं पेंड खातंय ते त्याला कळलं. दुसरं कार्ड लागल्याशिवाय दार उघडणार नाही. उद्या रविवार. सोमवार सकाळपर्यंत कुणी येणार नाही, आणि पहारेकऱ्याला वाटणार काम लांबलंय. अंगात साधा शर्ट. आतल्या दाराच्या फटीतून गारठा पायांवर सांडत होता. त्यानं दार बडवलं. हाका मारल्या. वीतभर पोलाद… त्याचाच आवाज त्याच्याकडं परत आला.

त्यानं आकडा खोडून १ लिहिला. क्षणभर १ राहिला. मग २ झाला. पुन्हा लिहिला. पुन्हा २.

मग त्याला सुचलं, जुन्या डिस्कवर शेठच्या शून्यापासूनचा हिशेब आहे, त्यात आत मी एकटाच. तिच्यावर यंत्र उठवू, दार उघडेल. त्यानं जुनी डिस्क जोडली. ती टकटक करायला लागली. मरायला टेकलेल्या डिस्क अशा वाजतात, आतली सुई आपटते. टक. टक. टक. यंत्र काही उठेना. त्यानं वैतागून तिची वायर उपटली.

टकटक थांबली नाही.

डिस्क त्याच्या हातात होती. वायर लोंबत होती. टक. टक.

आवाज आतल्या दाराकडून येत होता.

तो टेबलाखाली जाऊन बसला. किती वेळ, त्याला सांगता येईना. बोटं कळेनाशी झाली. दात वाजत होते. पलीकडून… घाई नाही, राग नाही. दमलेला माणूस दार ठोठावतो तसं. थांबून. पुन्हा.

आणि बघा हं, भीतीचाही एक तळ असतो. तिथं पोचल्यावर त्याला वाटलं, हाही माझ्यासारखाच अडकलाय. मी एक रात्र. हा दोन वर्षं.

दोनदा उठला. नवी पेटी जोडली, यंत्र उठवलं. चार हिरवे दिवे. 'आत माणसे : २.' मग आतल्या दाराकडं गेला. मूठ धरली. बर्फासारखी होती. डोळे मिटले, आणि ओढली.

धुकं. काळोख. काही नाही.

तो मागं न बघता बाहेरच्या दाराशी आला. म्हणाला, "चला बाबा. बरोबरच जाऊ."

कार्ड लावलं.

पिप्.

वाट पाहिली…

मानेवर गार…

पिप्.

दार उघडलं.

तो धावला. हत्यारांची पेटी तिथंच. मोटरसायकलला किक मारली आणि घर येईपर्यंत मान वळवली नाही. तो एवढंच सांगतो की गाडी चढावर जड चालत होती.

सोमवारी शेठ गेला तेव्हा पडद्यावर शून्य होतं. कुणी न लिहिलेलं. शेठनं दोनदाला विचारलं, हे काय केलंस? दोनदा म्हणाला, मी फक्त मोजू दिलं.

आता राहिली एक गोष्ट. त्या गाडीवर दोनदाच्या मागं कधी कुणी बसत नाही. बायको म्हणते, हा प्रत्येक वळण दोनदा घेईल. मागच्या माणसाचे पाय ठेवायचे दोन दांडे गंजून आत मिटलेले, चिकटून बसलेले. रविवारी सकाळी दोन्ही बाहेर उघडे होते. खाली जमिनीवर गंजाचा ताजा चुरा. मी स्वतः तेल आणि हातोडी घेऊन बसलो होतो. अजून मिटत नाहीत. उद्या दुकानात येताना बघा, गाडी बाहेरच असते.

चला, उठा आता. आणि भाच्या, उद्यापासून गोदामाची मोजणी तुझ्याकडं. खोकं कमी भरलं तर कमी लिही, मला वाईट वाटेल म्हणून जुळवू नकोस. पण एवढं माझं ऐक. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी आत गेलेलं प्रत्येक माणूस बाहेर आलेलं डोळ्यानं बघ, आणि मगच शून्य लिही.