चाळणीची व्याख्या

प्रा. श्यामकांत पाटणकरांनी टेबलावर मूठ आपटली.

"त्या जयवंत तावड्याला बेड्या घाला, रेगे. गिरणीवाल्याचं पोर. घरात घेतलं, शिकवलं, आणि त्यानेच डल्ला मारला."

इंग्रज जाऊन सात वर्षं झाली होती. त्याचे मोडीत निघालेले शब्द मात्र पाटणकर पार्ल्याच्या घरात अकरा वर्षं गोळा करत होते. शेवटी 'मॅन्सी' येणारे शंभर शब्द, म्हणजे शकुन पाहण्याचे शंभर प्रकार. एका शब्दाला एक कार्ड, त्यावर मराठी व्याख्या. गुरुवारी पुस्तक छापायला जायचं होतं आणि सोमवारी संध्याकाळी साठ कार्डं गेली.

खासगी गुप्तहेर विद्याधर रेगे उरलेली चाळीस पाहत होता. त्याचा मित्र बाळ सामंत खांद्यावरून डोकावत होता.

"सोमवारी आणखी काय झालं?"

"काही नाही. दुपारी प्रस्तावनेचं प्रूफ आलं, ते कुंदाने, माझ्या मुलीने, इथे आणून ठेवलं."

रेगेने प्रूफ वाचलं. प्रकाशकाचे आभार, जयवंतचे आभार, चष्मेवाल्याचेसुद्धा आभार. माणूस मोठा कृतज्ञ.

"ॲक्सिनोमॅन्सी?" रेगेने उरलेल्यांतला एक शब्द विचारला.

"कुऱ्हाडीवरून शकुन," पाटणकर ताडकन म्हणाले.

रेगेने शंभर शब्दांच्या यादीतला, कार्ड गेलेला एक शब्द काढला. "कॅप्नोमॅन्सी?"

पाटणकर अडखळले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"धूर, बाबा," आतून आवाज आला.

गेलेले आणखी सहा शब्द विचारले. सहाही वेळा उत्तर आतूनच आलं.

"कुंदाताईंशी बोलू का?"

"तिला काय विचारता? ती फक्त साफ लिहून काढते."

जयवंत आला तो धुमसतच. "मला कशाला हवीत ती कार्डं? पण गेली तीच खरी वाचण्यासारखी होती. चाळणी फिरवून चोर ओळखतात ना, त्या कार्डावर लिहिलंय, पीठ चाळून मनगट भरून आलेल्या बाईच्या हातात ती आपोआप फिरते. कॉलेजात वाचून दाखवलं तर पोरं खूश झाली."

"बघ," बाळ कुजबुजला, "निवडून चांगली तेवढीच नेली. जाणकाराचं काम. हाच तो."

"जाणकाराचं खरंच," रेगे म्हणाला आणि पाटणकरांकडे वळला.

"सर, उरलेला शब्द तुम्हाला तोंडपाठ आहे. गेलेले सात विचारले, एकही आला नाही. मनगट भरून येतं हे लिहिणाऱ्या हाताने पीठ चाळलंय. तुम्ही कधी चाळणी धरलीत? प्रस्तावनेत चष्मेवाला आहे, मुलगी नाही. प्रूफ दुपारी आलं, कार्डं संध्याकाळी गेली. चोरी झालेलीच नाही. जिची होती तिने उचलली."

कुंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात फडक्यात बांधलेला गठ्ठा होता.

"मॅट्रिकनंतर कॉलेज नको म्हणालात, घरीच शीक म्हणालात. शिकले. अकरा वर्षं लिहिलं, बाबा. तुमच्या नावाशेजारी माझं नाव घाला, नाहीतर चाळीस कार्डांचं पुस्तक काढा. आणि जयवंतची माफी मागा."

"माझ्या घरात राहून मलाच अटी?" पाटणकर कडाडले. "पुस्तक माझं आहे."

"मग सांगा," रेगे म्हणाला, "तो चाळणीचा शब्द कोणता?"

पाटणकरांनी तोंड उघडलं. सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात कुंदा उभी होती.

या वेळी ती काही बोलली नाही.