विरामगोळी

अंबर्डेकर सरांच्या निळ्या कॉलरवर काही पांढरे केस पडले होते. प्रत्येकाच्या टोकाला मूळ शाबूत होतं. तुटलेला केस असा दिसत नाही. हे गळलेले होते. डॉ. हेमांगी पेठेनं ते पाहिले आणि महिनाभर गिळलेला राग तिला आता आवरेना.

सर संस्थेचे संचालक, एके काळचे तिचे मार्गदर्शक. नव्या औषधाची पहिली मात्रा प्रमुखानं स्वतः घ्यायची, ही इथली रीत त्यांनीच पाडलेली. रक्तात युरिक आम्ल साचून होणाऱ्या गाऊटमुळे त्यांच्या पायाचा अंगठा वर्षानुवर्षं ठणकत असे. त्यावरचं जुनं औषध म्हणजे कळलावीच्या कंदातून मिळणारं कोल्चिसीन. गुणकारी, पण औषध संपून विष कुठं सुरू होतं ते कळू नये इतकं निसटतं. म्हणून संस्थेनं औषधजंतू घडवला होता. तो आतड्यात राही आणि युरिक आम्ल वाढलं की त्या खुणेवर लागेल तेवढंच कोल्चिसीन तयार करी. तो घेतल्यापासून सर भेटेल त्याला पाय आपटून दाखवत.

मागच्या महिन्यात स्वयंसेवकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू लागल्या, तेव्हा सुरक्षाप्रमुख म्हणून चाचणी थांबवण्याचा अधिकार हेमांगीकडे होता. तू पहिल्यापासूनच भित्री, असं सर हसत म्हणाले आणि ती गप्प बसली. आता सगळ्यांना जुलाब लागले होते. सरांनी त्याचं खापर कँटीनच्या मिसळीवर फोडलं होतं.

"मिसळीनं केस गळत नाहीत, सर," ती म्हणाली.

मग तिनं शांतपणे मांडणी केली. कोल्चिसीन पेशींचं विभाजन रोखतं. आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, अस्थिमज्जा, जिथं सतत नव्या पेशी घडतात तिथं पहिला घाव बसतो. तिनं जंतू घडवणाऱ्या इर्शाद मुजावरकडे पाहिलं. "मेलेल्या पेशींतल्या जनुकद्रव्याचं शेवटी काय होतं?"

इर्शादचा चेहरा उतरला. "युरिक आम्ल."

"म्हणजे तुझा जंतू पेशी मारतो आणि त्यांच्या राखेतून स्वतःलाच खूण देतो. अजून बनव, अजून बनव."

"अहो बाई, त्यासाठीच तर विरामगोळी ठेवलीय," सर म्हणाले. "जंतू मेले की विषय संपला. आण रे इर्शाद, पहिली मीच घेतो. मग बाकीच्यांना वाट."

इर्शादनं बाटली आणली. गोळी म्हणजे एक प्रतिजैविक, जंतू घडवणाऱ्या इर्शादच्या गटाच्या हाताशी नेहमी असणारं. हेमांगीला ती आज प्रथमच पाहायला मिळत होती. लेबलवरचं नाव वाचून तिनं विचारलं, हिची चाचणी कशावर घेतली?

उंदरांवर, तो म्हणाला. मग खाली मान घालून पुढं बोलला. कोल्चिसीनचं जनुक काढून टाकलेले जंतू उंदरांना दिले होते. नाहीतर गोळी दिली की उंदीर मरायचे आणि जंतू मेले की नाही ते मोजताच येत नसे.

"मरायचे," हेमांगी म्हणाली. "आणि का मरतात, हे कुणी विचारलं नाही."

"मीच सांगितलं होतं तसं करायला," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. गोळी मात्र तळहातावर होती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"कोल्चिसीन शरीराबाहेर काढणारं यकृतातलं विकर हीच गोळी बंद पाडते. जंतू मरतील, सर. पण त्यांनी आधीच ओतलेलं विष आत कोंडून राहील. उंदरांनी तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही नुसते जंतू बदलले नाहीत, प्रश्नच बदललात."

सरांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. गोळी अजून तळहातावरच होती.

तिनं इर्शादला सांगितलं, सगळ्यांना आत्ता अतिदक्षता विभागात हलव. युरिक आम्ल मोडणारं विकर शिरेतून सुरू करायला लाव. खूण मिळाली नाही की जंतू आपोआप गप्प होतील. तो धावतच गेला.

मग तिनं सरांच्या तळहातावरची गोळी उचलली आणि ज्या आवाजात महिन्यापूर्वी बोलायला हवं होतं त्या आवाजात म्हणाली,

"चाचणी मी बंद केली आहे, सर. आता तुम्ही रुग्ण आहात. झोपा."